नाही म्हणणाऱ्या सिस्टरच्या मागे कायदा उभा आहे का?

मागच्या महिन्यात विहारातला कार्यक्रम संपला आणि चपला घालताना एक ताई माझ्याजवळ थांबली. आमच्याच वस्तीतली. जीएनएम झालेली, परभणी जिल्ह्यातल्या एका रुग्णालयात कंत्राटी सिस्टर. म्हणाली, "जय भीम दादा. तुम्ही कायद्याचं वाचता म्हणून विचारते. रात्रपाळीला माझ्याकडे अठ्ठेचाळीस पेशंट देतात. त्यातले दोन-तीन ऑक्सिजनवर असतात. मी एकटी आणि सोबत एक मावशी. एवढे पेशंट मला एकटीला सांभाळणं धोक्याचं आहे, असं मी म्हटलं तर माझं काय होईल? आणि गप्प बसले अन् कोणी दगावलं, तर काय होईल?"

मी तिला लगेच उत्तर देऊ शकलो नाही. घरी येऊन कायदे काढले, निकाल वाचले, बाबासाहेबांची मुंबई विधिमंडळातली भाषणे पुन्हा वाचली. जे सापडले ते आधीच सांगतो. या देशात परिचारिकेला "ही ड्युटी रुग्णासाठी सुरक्षित नाही" असा आक्षेप घेण्याचा हक्क देणारा आणि त्या आक्षेपाबद्दल तिला शिक्षा होऊ नये म्हणून संरक्षण देणारा एकही स्वतंत्र कायदा नाही. उलट तिचा नकार दडपण्यासाठी वापरता येतील असे कायदे आहेत, आणि त्यांची मुळे थेट इंग्रजी राजवटीत आणि त्याआधीच्या गावगाड्यात जातात. म्हणून हा प्रश्न आधी इतिहासाचा आहे. नकार हा गुन्हा कधी झाला, कोणासाठी झाला आणि त्याला पहिले ठोस उत्तर कोणी दिले, हे आंबेडकरी तरुणांनी समजून घेतले पाहिजे.

नकाराला शिक्षा कुठून आली?

आपल्या आज्या-पणज्यांना हे पुस्तकातून शिकावे लागले नाही. गावकीची कामे, सरकारी टपाल पोचवणे, मेलेले ढोर ओढणे, साहेबाचे सामान वाहणे, या कामांना वेळ नव्हती आणि नकारही नव्हता. मुंबई इलाख्यात १८७४ च्या वंशपरंपरागत वतनांच्या कायद्याने या गुलामीला सरकारी शिक्का मिळाला. वतनदार घरी नसेल तर त्याच्या घरातल्या माणसाने हजर व्हायचे. १९२८ मध्ये बाबासाहेबांनी मुंबई कायदे मंडळात या कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले, तेव्हा त्यांचा मुख्य रोख यावरच होता. कामाचे तास ठरलेले नाहीत, मोबदला ठरलेला नाही आणि मालक एक नसून सगळे सरकारी खाते आहे, ही कसली नोकरी? आपला परभणी जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. मुंबई इलाख्याचा कायदा इथे लागू नव्हता, पण वेठ इथेही होती आणि ती कोणाच्या वाट्याला होती हे सांगायला नको.

दुसरीकडे इंग्रजांनी मजुरांसाठी वेगळा फास तयार केला. १८५९ चा कामगार करारभंग कायदा सांगत होता की उचल घेतलेल्या कामगाराने काम सोडले तर मालकाने मॅजिस्ट्रेटकडे जावे. मॅजिस्ट्रेट त्याला कामावर परत जायला लावू शकत होता, आणि ऐकले नाही तर तीन महिन्यांपर्यंत तुरुंगात टाकू शकत होता. आसामच्या चहामळ्यांत या कायद्याचा मुक्त वापर झाला. मालकाने पगार बुडवला तर तो दिवाणी वाद, आणि मजुराने काम सोडले तर तो गुन्हा!

लगेच १८६० मध्ये भारतीय दंड संहिता आली. तिच्यात सेवेच्या कराराच्या गुन्हेगारी भंगाचे एक स्वतंत्र प्रकरण होते, कलम ४९० ते ४९२. प्रवासात सेवा सोडणाऱ्याला शिक्षा, दूरच्या ठिकाणी नेलेल्या नोकराने काम सोडले तर शिक्षा, आणि मधले कलम ४९१ असे, की लहान मूल, वेडसर माणूस, आजारी किंवा अशक्त माणूस यांची देखभाल करण्याचा करार असलेल्या माणसाने ती जाणूनबुजून केली नाही तर शिक्षा.

पुढे कामगार चळवळी वाढल्या. १९२५ मध्ये १८५९ चा कायदा रद्द करणारा कायदा झाला, आणि त्याच झटक्यात दंड संहितेतली ४९० आणि ४९२ ही कलमेही गेली. ४९१ मात्र राहिले. आज दंड संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली तरी हे कलम ३५७ या नव्या क्रमांकाने जिवंत आहे. शिक्षा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

म्हणजे इतर कामगारांसाठी करार मोडणे हा गुन्हा राहिला नाही, पण आजाऱ्याची सेवा करणाऱ्यासाठी तो आजही आहे. हे कलम वाईटच आहे असे मी म्हणत नाही. असहाय रुग्णाला टाकून जाणे चूकच आहे. पण त्यातला "जाणूनबुजून" हा शब्द नीट वाचा. रुग्णाला टाकून जाणे वेगळे आणि "माझ्या एकटीकडे इतके रुग्ण देऊ नका, त्यांच्या जिवाला धोका आहे" असे सांगणे वेगळे. हा फरक कायद्याच्या पुस्तकात कुठेही स्पष्ट लिहिलेला नाही, आणि तेवढ्या मोकळ्या जागेत वरिष्ठांचा दम बसतो. "ड्युटी नाकारलीस तर पेशंट सोडल्याची केस होईल," एवढे एक वाक्य नव्या मुलीला गप्प करायला पुरते.

१९३८ : बाबासाहेबांनी मांडलेला मुद्दा

१९३८ मध्ये मुंबई प्रांतात काँग्रेसचे मंत्रिमंडळ होते. त्यांनी औद्योगिक विवाद विधेयक आणले. सक्तीच्या तडजोडीची लांबलचक प्रक्रिया पूर्ण होण्याआधी संप केला तर तो बेकायदा आणि शिक्षेला पात्र, अशी त्याची रचना होती. १५ सप्टेंबर १९३८ रोजी स्वतंत्र मजूर पक्षाचे नेते म्हणून बाबासाहेब विधानसभेत या विधेयकावर बोलले. मी त्यांचे शब्द इथे उतरवत नाही, युक्तिवाद सांगतो.

त्यांनी विचारले, संप म्हणजे काय? सेवेचा करार मोडणे. करार मोडणे ही कायद्याच्या दृष्टीने दिवाणी चूक आहे, त्यासाठी नुकसानभरपाई मागता येते. मग कामगाराच्या बाबतीतच तिला गुन्हा का ठरवायचे? माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध काम करायला दंडाच्या भीतीने भाग पाडणे म्हणजे त्याला गुलाम करणे. स्वातंत्र्याचा हक्क मानत असाल तर संपाचा हक्कही मानावा लागेल, कारण तो त्याच स्वातंत्र्याचे दुसरे नाव आहे.

विधेयक बहुमताने मंजूर झाले. पण ७ नोव्हेंबर १९३८ रोजी स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट कामगार संघटना यांनी मिळून मुंबईत एक दिवसाचा मोठा संप केला. महाडच्या तळ्यावर पाण्यासाठी उभे राहिलेले बाबासाहेब अकरा वर्षांनी गिरणी कामगारांच्या नकाराच्या हक्कासाठी उभे होते. या दोन लढ्यांना वेगळे समजणारा बाबासाहेबांना अर्धेच ओळखतो. वेठीत माणसाला नकार देता येत नव्हता म्हणून ती गुलामी होती, आणि तोच नियम गिरणीला लावा, खाणीला लावा, रुग्णालयाला लावा.

संविधानात हा विचार कलम २३ मध्ये आला. माणसांचा व्यापार, वेठबिगार आणि सक्तीचे श्रम यांवर बंदी. १९८२ मध्ये दिल्लीतल्या एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की सक्ती म्हणजे फक्त काठी नव्हे. उपासमारीमुळे, दुसरा पर्याय नसल्यामुळे माणूस किमान वेतनापेक्षा कमी पैशांत राबतो तेव्हा तीही सक्तीच आहे. आता ज्या मुलीचे कंत्राट ठरावीक महिन्यांनी संपते, जिच्या घरात तीच एकटी कमावते, तिला अठ्ठेचाळीस रुग्णांची रात्रपाळी "मान्य" असते, तिच्या त्या मान्यतेला काय म्हणायचे? हा निकाल किमान वेतनाचा होता हे मला ठाऊक आहे. पण त्यातली सक्तीची व्याख्या आपल्या सिस्टरच्या वॉर्डपर्यंत नेण्याचे काम अजून कोणी केलेले नाही.

एकटी बोलली तर बेशिस्त, चौघी बोलल्या तर संप

स्वातंत्र्यानंतर सरकारने एक नवे हत्यार घडवले, अत्यावश्यक सेवा कायदा. केंद्राच्या १९६८ च्या कायद्यात संपाची व्याख्या मुद्दाम रुंद केलेली आहे. सेवेसाठी आवश्यक असेल तेव्हा जादा काम करायला नकार देणे, हेही त्या व्याख्येत संपात मोडते. महाराष्ट्राचा स्वतःचा मेस्मा आहे. मार्च २०२३ मध्ये जुन्या पेन्शनसाठी राज्य कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला, त्याच दिवसांत विधिमंडळाने मेस्माचे विधेयक मंजूर केले. सार्वजनिक रुग्णालये या जाळ्यात येतातच. त्याआधी २००३ मध्ये तामिळनाडूच्या कर्मचाऱ्यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सरकारी कर्मचाऱ्यांना संपाचा मूलभूत हक्क नाही असे म्हटले होते.

खासगी रुग्णालयांत मेस्माची गरजही पडत नाही. तिथे बॉण्ड असतो. मूळ प्रमाणपत्रे मालकाच्या कपाटात, आणि मुदतीआधी नोकरी सोडली तर हजारो रुपये भरा. २०११ मध्ये मुंबईतल्या काही खासगी रुग्णालयांतल्या परिचारिका या बॉण्डविरुद्ध काम थांबवून उभ्या राहिल्या होत्या. १८५९ च्या कायद्यातली उचल आणि आजचा बॉण्ड यांत मला फारसा फरक दिसत नाही. तेव्हा मजूर पैशाने बांधला जायचा, आता मुलगी तिच्या स्वतःच्या प्रमाणपत्राने बांधली जाते.

प्रमाण कागदावर, रुग्ण जमिनीवर

"किती रुग्ण म्हणजे जास्त, हे ठरवणार कोण?" असा प्रश्न प्रशासन विचारते. ठरलेले आहे. १९४६ मध्ये भोर समितीने अहवाल दिला तेव्हा ४३,००० लोकसंख्येमागे एक परिचारिका अशी देशाची अवस्था होती. त्यानंतर प्रमाणे ठरवली गेली. भारतीय परिचर्या परिषदेच्या मानकांनुसार शिकवणाऱ्या रुग्णालयाच्या सर्वसाधारण वॉर्डात तीन रुग्णांमागे एक परिचारिका, इतर रुग्णालयांत पाच रुग्णांमागे एक, अतिदक्षता विभागात एका रुग्णामागे एक. शिवाय रजेवर जाणाऱ्यांसाठी तीस टक्के राखीव संख्या वेगळी. केंद्राच्या कर्मचारी तपासणी पथकाचे प्रमाण थोडे सैल आहे, सर्वसाधारण वॉर्डात सहा रुग्णांमागे एक. ते धरले तरी माझ्या त्या ताईच्या वॉर्डात आठ जणी हव्यात. असते एक.

पण ही मानके आहेत, कायदा नाही. ती मोडल्याबद्दल आजवर कोणी तुरुंगात गेले असे मी ऐकलेले नाही. खासगी रुग्णालयांसाठी महाराष्ट्राचा १९४९ चा नर्सिंग होम नोंदणी कायदा आहे आणि त्यात पात्र परिचारिकांचे योग्य प्रमाण नसेल तर नोंदणी नाकारण्याची तरतूदही आहे. परभणी शहरातल्या किती दवाखान्यांत रात्री पात्र, नोंदणीकृत सिस्टर असते, हे प्रत्येकाने आपल्या नातेवाइकाला भरती करताना पाहिलेले आहे.

आणि जागा रिकाम्या का राहतात? इथे आपला थेट संबंध येतो. नियमित भरती झाली तर बिंदुनामावली लागते, अनुशेष भरावा लागतो, आपल्या मुली कायम नोकरीत येतात. कंत्राट दिले की या सगळ्यातून सुटका. मे २०२२ च्या अखेरीस राज्यभरातल्या सरकारी परिचारिकांनी बाह्यस्रोतातून होणाऱ्या भरतीविरुद्ध संप केला, तो याच कारणासाठी. सप्टेंबर २०२३ मध्ये सरकारी पदे खासगी एजन्सींमार्फत भरण्याचा शासन निर्णय निघाला आणि तरुणांच्या संतापानंतर ऑक्टोबरमध्ये तो मागे घ्यावा लागला. आरक्षणाचा प्रश्न आणि रुग्णाच्या सुरक्षिततेचा प्रश्न एकच आहे. कायम नोकरीतली सिस्टर "हे धोक्याचे आहे" असे म्हणू शकते. कंत्राटी सिस्टर म्हणाली तर पुढच्या महिन्यात तिचे नाव रोस्टरमधून गायब होऊ शकते.

भंडारा, नगर, नांदेड

९ जानेवारी २०२१ च्या मध्यरात्रीनंतर भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात बालकांच्या विभागात आग लागली. १७ बाळांपैकी १० गेली. रुग्णालयाच्या अग्निसुरक्षेचे धिंडवडे नंतर सगळ्यांनी पाहिले. कारवाईत जिल्हा शल्यचिकित्सक निलंबित झाले, आणि कंत्राटी परिचारिकांची सेवाच संपवली गेली. फेब्रुवारीत गुन्हा नोंदवला गेला तो दोन परिचारिकांवर.

६ नोव्हेंबर २०२१ रोजी अहमदनगर जिल्हा रुग्णालयाच्या कोविड अतिदक्षता विभागात आग लागली आणि ११ रुग्णांचा मृत्यू झाला. वरिष्ठांचे निलंबन झाले. अटक मात्र झाली ती एक वैद्यकीय अधिकारी आणि तीन परिचारिका यांना. राज्यभरातल्या परिचारिका संघटना रस्त्यावर आल्या. त्यांचा प्रश्न साधा होता. इमारतीचे वायरिंग, आग विझवण्याची यंत्रणा, निधीचा प्रस्ताव यांपैकी काय सिस्टरच्या हातात असते?

आणि नांदेड. परभणीहून रुग्ण हलवायचा म्हटले की आपण नांदेडलाच नेतो. ३० सप्टेंबर ते १ ऑक्टोबर २०२३ या २४ तासांत तिथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालय रुग्णालयात २४ रुग्ण दगावले, त्यांत १२ नवजात बाळे. बातम्यांतून समोर आले की नवजातांच्या अतिदक्षता विभागाची क्षमता २४ बाळांची आणि दाखल होती ६० हून अधिक. एका पाळण्याच्या जागी अडीच बाळे. उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. पण त्याआधी काय घडले? एका खासदाराने तिथल्या प्रभारी अधिष्ठात्यांना स्वच्छतागृह साफ करायला लावले. ते अधिष्ठाता आदिवासी समाजाचे होते. त्या खासदारावर अ‍ॅट्रॉसिटी कायद्याखाली गुन्हा नोंद झाला.

या तिन्ही प्रकरणांत कोण दोषी, हे न्यायालयाने ठरवायचे. कोणा सिस्टरची चूक झालीच नसेल असा दावा मी करत नाही. माझा मुद्दा वेगळा आहे. अशा दुर्घटनेआधी "इतके रुग्ण, इतकीच माणसे, हे धोक्याचे आहे" असे लिहून देण्याची सुरक्षित सोय त्या वॉर्डात असती, तर तो धोका घटनेआधी कागदावर आला असता आणि जबाबदारी वरच्या टेबलापर्यंत पोचली असती. अशी सोय नाही. मग चौकशीत शेवटी उरते ती हजेरीपटावर सही असलेली बाई.

नव्या संहितेतली श्रेणीबद्ध विषमता

आता सगळ्यात ताजी गोष्ट, जी बहुतेक परिचारिकांनाही माहीत नाही. जुन्या दंड संहितेच्या कलम ३०४-अ मध्ये निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याबद्दल दोन वर्षांपर्यंत शिक्षा होती. डॉक्टर असो, सिस्टर असो, ड्रायव्हर असो, सगळ्यांना सारखी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ ने ही शिक्षा पाच वर्षांपर्यंत वाढवली. डॉक्टरांच्या संघटनेने आवाज उठवला आणि सरकारने सवलत दिली. नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकाकडून उपचार करताना असे घडले तर शिक्षा दोन वर्षांपर्यंतच.

पण नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिक कोण, हे त्या कलमाच्या स्पष्टीकरणात दिले आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कायद्याखाली मान्य पदवी असलेला आणि वैद्यकीय नोंदवहीत नाव असलेला. परिचारिकेची नोंदणी परिचर्या परिषदेत असते. म्हणजे ती या व्याख्येत बसत नाही. एकाच खाटेजवळ, एकाच रात्री, एकाच रुग्णाबाबत चूक झाली, तर आदेश देणाऱ्याला जास्तीत जास्त दोन वर्षे आणि आदेश पाळणारीला पाच.

बाबासाहेबांनी जातिव्यवस्थेचे वर्णन श्रेणीबद्ध विषमता असे केले. वर चढत जाणारा मान आणि खाली उतरत जाणारा तिरस्कार. रुग्णालयातली उतरंड बघा. डॉक्टर, सिस्टर, मावशी, सफाई कामगार. जितके शरीराच्या घाणीजवळ, तितका पगार कमी आणि तितकी शिक्षा जास्त. हे योगायोगाने झाले असे कोणाला वाटत असेल तर त्याने आपल्या शहरातल्या सफाई कामगारांची आडनावे वाचावीत.

"मग रुग्णाला कोण बघणार?"

आपल्यातलेही काही जण म्हणतील, सिस्टरने नकार दिला तर मरणार आपलाच माणूस. सरकारी दवाखान्यात कोण जातो? गरीब, दलित, आदिवासी, मुस्लिम. सावित्रीमाईने १८९७ च्या प्लेगात मुंढव्याच्या महारवाड्यातल्या आजारी पोराला पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले आणि स्वतः प्राण दिला. तिच्या लेकींनी हिशेब करायचा का?

हा आक्षेप मी हलका मानत नाही. पण सावित्रीमाईने ते स्वतःच्या निर्णयाने केले. तिचा त्याग दाखवून दुसरीवर सक्ती करणे हा तिचा सन्मान नाही. शिवाय एक बाई अठ्ठेचाळीस जणांना बघते तेव्हा प्रत्यक्षात ती कोणालाच नीट बघू शकत नाही. इंजेक्शनची वेळ चुकते, ऑक्सिजन संपल्याचे उशिरा कळते. तिचा आक्षेप हा गरीब रुग्णाच्या बाजूचाच आवाज आहे, कारण त्या वॉर्डात दुसरा कोणी साक्षीदार नसतो.

आक्षेप आणि रुग्णाला टाकून जाणे यांतला फरक कायद्याने स्पष्ट करता येतो, आणि जगात काही ठिकाणी तो केलेला आहे. अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात १९९७ पासून अशी तरतूद आहे, जिला तिथे सुरक्षित बंदर म्हणतात. ड्युटी रुग्णासाठी धोक्याची वाटली तर परिचारिका एक छोटा अर्ज भरते. तो अर्ज परिचारिकांच्या समितीपुढे जातो. निकाल येईपर्यंत ती शक्यतो काम करत राहते, पण त्या ड्युटीबद्दल तिच्या परवान्यावर कारवाई होत नाही आणि तिचा सूड घेणे बेकायदा ठरते. कॅलिफोर्नियाने १९९९ मध्ये कायदा करून रुग्ण आणि परिचारिका यांचे प्रमाणच बंधनकारक केले आणि २००४ पासून ते लागू झाले. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १९७७ चा परिचारिकांविषयीचा करार क्रमांक १४९ आहे. भारताने त्याला अजून मान्यता दिलेली नाही.

आपल्याकडेही असा विचार परका नाही. भोपाळनंतर १९८७ मध्ये कारखाना कायद्यात कलम ४१-एच घातले गेले. जिवाला धोका दिसला तर कामगार तो व्यवस्थापनाच्या आणि निरीक्षकाच्या नजरेस आणू शकतो, असा हक्क त्यात होता. हजारो माणसे मेल्यावर कारखान्यातल्या कामगाराला हा हक्क मिळाला. रुग्णालयाला तो मिळायला अजून किती बाळे जायला हवीत?

आज हातात काय आहे?

कायदा होईपर्यंत ताईने काय करायचे? माझे उत्तर असे आहे. काम सोडायचे नाही, आणि तोंडी बोलून थांबायचेही नाही. लिहायचे.

महाराष्ट्र नागरी सेवा वर्तणूक नियम, १९७९ मधला नियम ३ वाचा. वरिष्ठाच्या निर्देशानुसार काम करायचे असेल तर तो निर्देश शक्य असेल तिथे लेखी घ्यावा, आणि तेव्हा शक्य नसेल तर नंतर लवकरात लवकर लेखी पुष्टी घ्यावी, असे तो सांगतो. म्हणजे लेखी आदेश मागणे हा उद्धटपणा नाही, तो नियम आहे. कंत्राटी सिस्टरला हे नियम थेट लागू नसतील, पण तिला आदेश देणाऱ्या सरकारी वरिष्ठाला ते लागू आहेत.

ड्युटी सुरू होताना एक साधी टिपणी द्या. तारीख, पाळी, वॉर्ड, रुग्णांची संख्या, गंभीर रुग्ण किती, परिचारिका किती. खाली असे लिहा : "मी कर्तव्यावर हजर आहे आणि रुग्णांना सोडून जाणार नाही. परंतु या संख्येत सुरक्षित शुश्रूषा शक्य नाही, हे मी आपल्या निदर्शनास आणत आहे. अतिरिक्त परिचारिका द्यावी किंवा याच स्थितीत काम करण्याचा लेखी आदेश द्यावा." दोन प्रती काढा, एकीवर आवक क्रमांक आणि सही घ्या. घ्यायला नकार दिला तर इन्चार्ज सिस्टरच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा, हँडओव्हरच्या वहीत नोंद करा. रुग्णाचे नाव त्यात घालू नका. आणि शक्य असेल तर एकटीने देऊ नका, संघटनेमार्फत द्या.

पुढे खटला झालाच तर २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालाचा आधार मागा. साधी चूक आणि गंभीर निष्काळजीपणा यांत फरक केला पाहिजे, तपास अधिकाऱ्याने आधी स्वतंत्र वैद्यकीय मत घ्यावे आणि सरसकट अटक करू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने त्यात सांगितले. तो निकाल एका डॉक्टरच्या खटल्यात आला. परिचारिकेला त्याचे संरक्षण मिळावे म्हणून वकिलाला भांडावे लागेल, आणि तिथे तिची ती टिपणी तिचा पहिला पुरावा असेल. सरकार "पैसे नव्हते" म्हणेल. त्याला १९९६ चा पश्चिम बंग खेत मजदूर समितीचा निकाल दाखवा. उपचार देण्याच्या संविधानिक जबाबदारीतून पैशाच्या कारणाने सरकारला सुटता येत नाही, असे तो सांगतो.

कागदाची ताकद परभणीला वेगळी शिकवायला नको. १५ डिसेंबर २०२४ रोजी न्यायालयीन कोठडीत आपला भाऊ सोमनाथ सूर्यवंशी गेला. सरकार मारहाण झालीच नाही म्हणत होते. पण शवविच्छेदनाच्या प्राथमिक अहवालात अनेक जखमांनंतरचा धक्का असे मृत्यूचे कारण लिहिलेले होते. पुढे जुलै २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला. ते कारण त्या वेळी कोणीतरी कागदावर लिहिले, म्हणून ते पुसता आले नाही.

कार्यकर्त्यांनी काय करायचे?

मित्रांनो, आपण रुग्णालयात जातो ते बहुतेक वेळा सिस्टरशी भांडायला. रुग्ण दगावला की पहिला आवाज तिच्यावर चढतो, कारण समोर तीच असते. ही सवय आपण आधी सोडली पाहिजे. तिच्याशी भांडण्याआधी तिच्याकडे आज किती रुग्ण आहेत ते विचारा.

मग माहितीचा अधिकार वापरा. आपल्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात, उपजिल्हा रुग्णालयात, जिल्हा रुग्णालयात परिचारिकांची मंजूर पदे किती, भरलेली किती, त्यांतली कंत्राटी किती, राखीव प्रवर्गाचा अनुशेष किती, आणि मागच्या तीन महिन्यांत रात्रपाळीला प्रत्येक वॉर्डात रुग्ण किती आणि परिचारिका किती. एवढे पाच प्रश्न. जिंतूर, सेलू, गंगाखेड, पूर्णा, पाथरी, प्रत्येक ठिकाणी दोन तरुणांनी एक अर्ज टाकला तरी जिल्ह्याचे चित्र हातात येईल. ते घेऊन जिल्हाधिकाऱ्यांकडे जा, आमदाराकडे जा, खंडपीठात जाणाऱ्या वकिलाकडे जा.

आणि मागणी स्पष्ट ठेवा. परिचारिकांच्या प्रमाणाला कायद्याचे बळ द्या. लेखी आक्षेप घेणाऱ्या परिचारिकेला, कायम असो वा कंत्राटी, कारवाईपासून संरक्षण द्या. न्याय संहितेच्या कलम १०६ मधली डॉक्टर आणि परिचारिका यांच्यातली विषमता काढा. पदे बिंदुनामावलीप्रमाणे नियमित भरा.

१९३८ मध्ये बाबासाहेब ज्या गुलामीबद्दल सभागृहात बोलले, ती आज पांढऱ्या गणवेशात रात्रपाळी करते आहे. मी त्या ताईला फोन करून हे सगळे सांगितले. ती म्हणाली, "दादा, टिपणी मी लिहीन. पण मला बोलावलं तर माझ्यासोबत कोणी येईल का?"

हा प्रश्न तिने आपल्या सगळ्यांना विचारला आहे. उत्तर आपण द्यायचे आहे.

जय भीम! जय संविधान!